एक टनाची चेन पुली

एफ.ई.ला मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये ‘सिंपल लिफ्टिंग मशीन्स’ची प्रॅक्टिकल्स असतात, आठवतात का? भिंतीला टांगलेली वेस्टनची डिफरन्शियल पुली, शेजारी सिंगल पर्चेस क्रॅब, डबल पर्चेस क्रॅब, वर्म अँड वर्म व्हील. एका बाजूला वजनं अडकवायची, दुसऱ्या बाजूला एफर्ट मोजायचा, ग्राफ काढायचा आणि ‘लॉ ऑफ मशीन’ लिहून सरांची सही घ्यायची. खरं सांगायचं तर माझ्या जर्नलमधली रीडिंग माझी नव्हती. बॅचमध्ये एकाने घेतली आणि बाकीच्यांनी शेवटचा आकडा इकडेतिकडे करून उतरवली. व्हायवात सरांनी विचारलं, ‘‘मशीन रिव्हर्सिबल केव्हा असतं?’’ मी पाठ केलेलं म्हणून टाकलं, ‘‘एफिशिअन्सी पन्नास टक्क्यांच्या वर असेल तर.’’ सुटलो. त्याचा अर्थ काय, हे ना त्यांनी विचारलं ना मी सांगितलं.

हा अर्थ मला पुढे आमच्या गावच्या विहिरीवर कळला, आणि तोही चुकीच्या क्रमाने. आधी अपघात, मग थिअरी.

आमचं गाव करमाळा तालुक्यात. उजनीचं बॅकवॉटर ज्यांना मिळालं त्यांच्याकडे ऊस आणि केळी आहे. आमच्यासारख्या बाकीच्यांचा भरवसा विहिरीवर. आमची विहीर साधारण पन्नास फूट खोल. अर्ध्यावर, म्हणजे पंचवीस फुटांवर, बांधकामात एक कट्टा काढलेला आहे आणि त्या कट्ट्यावर आबांच्या काळातलं दहा हॉर्सपॉवरचं, संथ चालणारं, दोन मोठ्या फ्लायव्हीलचं डिझेल इंजिन. आता इंजिन विहिरीत कशाला, असं शहरातल्या मित्रांना वाटेल. पंप पाणी ‘ओढतो’ असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात हवेचा दाब ते पाणी वर ढकलतो आणि तो दाब फार तर १०.३ मीटरचा स्तंभ पेलतो. व्यवहारात सहा-सात मीटरच्या वर सक्शन मिळत नाही. म्हणून सबमर्सिबल यायच्या आधी पंप पाण्याजवळ न्यावा लागे आणि पंपाबरोबर इंजिनही. (त्या इंजिनाचा धूर विहिरीत कोंडून माणसं गुदमरायची, तो वेगळ्या लेखाचा विषय.)

सबमर्सिबल बसल्यापासून ते इंजिन तसंच गंजत होतं. दीड वर्षापूर्वी, मी एस.ई.ची परीक्षा देऊन घरी गेलो होतो तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, ते भंगारात द्यायचं ठरवलं. भंगारवाल्याची अट एकच : वर काढून द्या. वजन किती असेल? मी म्हणालो अर्धा टन धरा. गावात मोटर चढवण्या-उतरवण्याची कामं करणाऱ्या एका काकांकडे एक टनाची चेन पुली होती. साधारण चेन पुली तीन मीटरची उचल देते. त्यांची विहिरीच्या कामासाठी मुद्दाम लांब साखळी घातलेली होती. अर्धा टन वजन आणि एक टनाची पुली म्हणजे डबल फॅक्टर ऑफ सेफ्टी, असं मी सगळ्यांना सांगितलं. घरात एकच इंजिनिअर असल्याने कोणी शंका घेतली नाही.

काकांनी येऊन कट्ट्याच्या बरोबर वर, विहिरीवर आडव्या टाकलेल्या लोखंडी गर्डरला पुली टांगली. साखळी ओढून पाहिली, टक-टक-टक आवाज आला. मला ती कोरडी वाटली म्हणून मी ऑइलचा डबा आणला. काका एकदम ओरडले, ‘‘अरे, त्यात तेल घालू नको! वजन धरत नाही मग.’’ मी मनात म्हटलं, मशीनला तेल नको म्हणणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला. मग त्यांना दुसऱ्या वस्तीवरून बोलावणं आलं. ‘‘मी तासाभरात येतो, तोवर हात लावू नका,’’ असं सांगून ते गेले.

आम्ही हात लावला.

शेडमध्ये आठ मिलीमीटरचा जुना वायर रोप पडला होता. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना शाफ्टच्या टोकांखालून तो घेतला आणि वर हुकात अडकवला. दोर जेमतेम पुरला, म्हणून त्याची टोकं गाठ मारून बांधली. दोन बाजूंमधलं अंतर तीन फूट आणि हुकाची उंची कशीबशी सहा-सात इंच. फाउंडेशनचे चार बोल्ट होते. तीन नट छन्नीने तोडले. चौथा मागच्या बाजूला, हात पोचेना. ‘‘सुटेल ओढल्यावर,’’ असं कोणीतरी म्हणालं. कोणीतरी म्हणजे मीच. चुलतभाऊ, म्हणजे दादा, कट्ट्यावर उभा राहून साखळी ओढायला लागला. ओढेना. मग दुसरा एक जण त्याच्या मदतीला उतरला आणि दोघं साखळीला लोंबकळले. वर आम्ही सहा जण, सहाही जण सूचना देतोय. ओढ, थांब, जरा डावीकडं, अरे सोड, सोड नको!

मग ‘खाड्’ असा आवाज आला. चौथा बोल्ट जुन्या चुन्याच्या बांधकामातून उपटला. इंजिनाने उसळी घेतली, दोर क्षणभर ढिला पडला, इंजिन परत खाली आलं आणि दोर गाठीपाशी तुटला. इंजिन कट्ट्याच्या कडेवर आपटून पाण्यात गेलं. दादा भिंतीला चिकटून उभा होता, साखळी हातात तशीच. त्याच्या डाव्या पायाच्या वीतभर अंतरावर कट्ट्याचा टवका उडाला होता. दुसऱ्याने आधीच शिडी धरली होती. कोणाला खरचटलंही नाही.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, ‘‘तुम्ही शिकता काय रे तिथं?’’

होस्टेलवर परत आल्यावर मी ते गणित एका वहीत मांडलं. ते इथे देतो, कारण त्यात एफ.ई. आणि एस.ई.च्या सिलॅबसबाहेरचं काहीच नाही.

पहिली गोष्ट, कोन. दोन बाजूंनी दोर बांधून एका हुकात अडकवला की प्रत्येक बाजूवर निम्मं वजन येतं, हा आपला समज दोर सरळ उभा असेल तरच खरा. लामीचं प्रमेय लावा, किंवा नुसते उभे घटक घ्या. दोर आडव्या रेषेशी जो कोन करतो त्याच्या साइनने निम्म्या वजनाला भागायचं. एक टन म्हणजे १००० किलो वजन घ्या. दोर सरळ उभे असताना प्रत्येकी ५०० किलो. कोन ६० अंश असेल तर ५७७. ४५ अंशांना ७०७. ३० अंशांना प्रत्येक बाजूवर पूर्ण १०००, म्हणजे दोन दोर लावूनही एकाचंच काम. १५ अंशांना १९३२. आणि १० अंशांवर २८७९ किलो. वजन तेवढंच, हुकावरचा भारही तेवढाच, पण दोर जवळजवळ तिप्पट ताणलेला. म्हणून माणसं म्हणतात की ६० अंशांच्या खाली शक्यतो जाऊ नये आणि ३० च्या खाली कधीच नाही. हे ध्यानात ठेवायला सोपी युक्ती आहे : दोराच्या दोन पायांची लांबी आणि वजनावरच्या दोन बांधण्यांमधलं अंतर सारखं असेल तर तो समभुज त्रिकोण झाला, म्हणजे ६० अंश. पाय अंतरापेक्षा लांब असतील तर उत्तमच. आमचे पाय अंतरापेक्षा आखूड होते. तीन फूट रुंदी आणि सहा-सात इंच उंची म्हणजे कोन वीस अंशांचा. अर्ध्या टनाच्या इंजिनाला प्रत्येक बाजूवर ७३० किलो.

आता दोर. आठ मिलीमीटरचा, सहा पेडांचा, मध्ये सुताचा गाभा असलेला साधा वायर रोप नवा असताना साडेतीन टनांच्या आसपास तुटतो. पण तुटण्याचं वजन म्हणजे उचलण्याचं वजन नव्हे. स्लिंगसाठी पाचचा फॅक्टर धरतात, म्हणजे सेफ वर्किंग लोड आला ७०० किलो. म्हणजे नवा दोर घेतला असता तरी आम्ही नुसत्या कोनापायीच त्या आकड्याच्या पलीकडे होतो. आणि आमच्या दोराला गाठ होती. सुती दोरीला गाठ मारतो तशी तारेच्या दोराला मारली की आतल्या तारा मुरगळतात, काहींवर सगळा ताण, काहींवर काहीच नाही, आणि ताकद निम्म्यावर येते. साडेतीनचे पावणेदोन टन झाले, आणि गंज त्यातून वेगळा वजा.

तिसरी गोष्ट, तो चौथा बोल्ट. चेन पुलीला वजन कळत नाही, तिला फक्त ताण कळतो. इंजिन जमिनीला धरून असेल तर तुम्ही इंजिन उचलत नाही, विहिरीचं बांधकाम उचलत असता. आणि याची खूण आमच्या डोळ्यांसमोर होती. हाताने ओढायची चेन पुली अशी बनवलेली असते की तिच्यावर लिहिलेलं पूर्ण वजन एका माणसाने, साधारण तीस किलोच्या आसपासच्या ओढीने, उचललं जावं. एक टनाच्या पुलीवर अर्धा टन असताना दोन माणसं लोंबकळावी लागली, तेव्हाच कळायला हवं होतं की हुकावर अर्धा टन नाही, दीडेक टन आहे. दीड टन आणि वीस अंशांचा कोन म्हणजे प्रत्येक बाजूवर सव्वादोन टनांच्या जवळपास. त्याच वेळी दोर का तुटला नाही, याचंच नवल. त्यामुळे ‘एकाला ओढेना, आणखी दोघं या’ हे वाक्य चेन पुलीच्या आसपास ऐकू आलं की खाली उतरा आणि काय अडकलंय ते बघा.

आणि शेवटी झटका. स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्समध्ये आपण शिकतो की वजन हळूहळू न लावता एकदम सोडलं तर ताण दुप्पट होतो, थोडं उंचावरून पडलं तर आणखी वाढतो. सूत्र आहे : एक अधिक वर्गमूळात एक अधिक दोन गुणिले पडण्याची उंची भागिले स्थिर ताण. स्थिर ताण म्हणजे ते वजन शांतपणे टांगलं असता साखळी-दोर जेवढे लांबतात तेवढं अंतर. आमच्या बाबतीत ते पाच मिलीमीटर धरू. इंजिन दोन इंच, म्हणजे पन्नास मिलीमीटर पडलं. वर्गमूळात एकवीस, अधिक एक, म्हणजे साडेपाच पट. अर्ध्या टनाचे पावणेतीन टन, आणि कोन धरून प्रत्येक बाजूवर चार टन. आकडे अंदाजाचे आहेत, गर्डरही थोडा वाकला असेल, पण मुद्दा असा की नवाकोरा, बिनगाठीचा दोर असता तरी तो झटका त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. पोलादाचा दोर आणि साखळी कमी ताणतात म्हणून झटका जास्त देतात. दोन इंचांचा ढिलेपणा दिसायला काहीच नसतो.

सगळ्यात शेवटी व्हायवातला प्रश्न. काकांनी तेल का घालू दिलं नाही? वेस्टनच्या जुन्या डिफरन्शियल पुलीत घर्षण इतकं की अर्ध्याहून जास्त कष्ट त्यातच जातात; एफिशिअन्सी पन्नास टक्क्यांच्या खाली, म्हणून साखळी सोडली तरी वजन आपोआप खाली येत नाही. आजच्या चेन पुलीत स्पर गिअर असतात, एफिशिअन्सी बरीच वर, म्हणजे ती रिव्हर्सिबल. साखळी सोडली की वजन धडाधड खाली यायला मोकळं. ते येऊ नये म्हणून आत एक ब्रेक बसवलेला असतो : रॅचेट व्हील, पॉल, आणि दोन्ही बाजूंना घर्षणाच्या चकत्या. वजन स्वतःच त्या चकत्या आवळतं. जितकं जास्त वजन तितकी जास्त आवळ. वजन वर जाताना जो टक-टक आवाज येतो तो पॉलचा. तो आवाज येत नसेल तर ब्रेक काम करत नाही, मग पुढे एक इंचही उचलायचं नाही. आणि त्या कोरड्या चकत्यांवर तेल गेलं तर चकत्या घसरतात. साखळीच्या कड्यांना तेलाचा हात फिरवावा, ब्रेकच्या बाजूला एक थेंबही नाही. पाठ केलेल्या वाक्याचा अर्थ हा होता. तो काकांना माहीत होता, पन्नास टक्के वगैरे शब्द न वापरता.

आबांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते मोटेबद्दल बोलायला लागले. मोट ओढणारा जाड दोर, नाडा, दर हंगामाला ते हाताने चाचपून बघायचे. कुठे पेड सुटला, कुठे पीळ उलगडला, चाकावरून जातो तिथे किती झिजला. नाडा तुटला तर धावेवरचे बैल तोंडावर पडतात. नाडा पिचल्यावर त्याचे धागे बाहेर येतात, तो मऊ पडतो, डोळ्याला दिसतं. लोखंडी दोर मात्र बाहेरून तेल लावल्यावर नव्यासारखा दिसतो, हे त्यांचं म्हणणं मला पटलं.

तरी वायर रोपही बोलतो, ऐकता आला पाहिजे. हात फिरवायचा नाही, तुटलेली तार सुईसारखी घुसते. सुती फडकं धरून ते दोरावरून ओढत न्यायचं; जिथे धागा अडकेल तिथे तार तुटलेली. सहा पेडांच्या स्लिंगसाठी पुष्कळ ठिकाणी वापरला जाणारा नियम असा की पेड एक पूर्ण वेढा घेतो तेवढ्या लांबीत दहा तारा तुटल्या, किंवा एकाच पेडात पाच तुटल्या, की दोर बाद. याशिवाय कुठे चपटा झाला असेल, गाठ पडून सोडवल्याचा मुरगळा राहिला असेल, पेड फुगून पिंजऱ्यासारखे झाले असतील, तरी बाद. बाद म्हणजे तुकडे करून टाकायचा. नाहीतर तो शेडमध्ये पडून राहतो आणि आमच्यासारखे कोणीतरी तो उचलतात.

गाठ नाही तर मग टोक बांधायचं कसं? कारखान्यात तयार केलेली, दाबून बसवलेल्या फेरूलची स्लिंग मिळते, ती सर्वात चांगली. तात्पुरत्या कामाला बुलडॉग क्लिप, ज्यांना गावाकडे यू-क्लॅम्प म्हणतात. निम्मे लोक त्या उलट्या लावतात. क्लिपला एक इंग्रजी यूच्या आकाराचा बोल्ट असतो आणि एक खोबणीचं बैठं तुकडं. खोबण वजन पेलणाऱ्या लांब दोरावर आली पाहिजे आणि यू बोल्ट मोकळ्या आखूड टोकावर. उलट लावलं तर यू बोल्ट भार पेलणाऱ्या दोराला चिरडतो. बारा मिलीमीटरच्या दोराला किमान तीन क्लिपा, एकमेकींपासून दोराच्या व्यासाच्या सहापट अंतरावर, आणि फासाच्या आत थिंबल. पहिल्यांदा भार आल्यावर दोर बारीक होतो, म्हणून नट परत आवळायचे. इतकं करूनही ताकद ऐंशी टक्केच मिळते.

हुकाच्या तोंडावरची ती छोटी स्प्रिंगची पट्टी बहुतेक ठिकाणी तुटलेली असते आणि कोणाला तिचं काही वाटत नाही. दोर ढिला पडला त्या क्षणी तो हुकातून बाहेर पडू नये, एवढंच तिचं काम. म्हणजे आमच्या प्रसंगात नेमका तो क्षण. हुकाचं तोंड मूळ मापापेक्षा उघडलेलं किंवा पीळ पडलेलं दिसलं तर ते तापवून, ठोकून सरळ करू नये. उघडलेला हुक सांगत असतो की त्याच्यावर कधीतरी जास्त वजन येऊन गेलंय.

मोटरच्या डोक्यावरचा आय बोल्ट हा फक्त त्या मोटरपुरता असतो. मोटर, पंप आणि खालचा चॅनेल असं सगळं धूड त्या एका कडीला धरून उचलणारे मी पाहिले आहेत. शिवाय तो सरळ वर ओढण्यासाठी असतो. ४५ अंशांत तिरका ओढला तर ताकद पावपटीच्या आसपास उरते. डी-शॅकलची पिन हरवली की तिथे साधा बोल्ट घालायची आपल्याकडे फार सवय. पिन आणि शॅकल एकमेकांना जुळणाऱ्या पोलादाच्या असतात, दुकानातला बोल्ट कुठल्या जातीचा ते देवालाच ठाऊक.

वजन किती, हा प्रश्न सगळ्यांच्या आधीचा आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा अंदाजपंचे. पण आपल्याला घनता पाठ असतात. पोलादाची एक मीटर लांब, एक मीटर रुंद, दहा मिलीमीटर जाड प्लेट ७८ किलोंची. एक घनमीटर आर.सी.सी. अडीच टनाचं. विहिरीतून निघणारा काळा दगड घनफुटाला ऐंशी किलो. विहीर खोदणाऱ्या यारीच्या बादलीत किती घनफूट दगड मावतो याचा हिशोब एकदा करून बघा. त्याच वेळी खाली विहिरीत माणसं उभी असतात, आणि त्यांना बाजूला सरकायला जागा नसते.

टांगत्या वजनाखाली माणूस नको, ही गोष्ट साखर कारखान्यावर वाढलेल्या मुलांना सांगावी लागत नाही. आमच्या तालुक्यात आदिनाथ आणि मकाई असे दोन सहकारी कारखाने उभे राहिले. उसाच्या गाडीत आधी तारेचे दोर अंथरतात, त्यावर मोळ्या रचतात. कारखान्यावर अनलोडर ते दोर हुकात घेऊन सगळा भारा उचलतो आणि गव्हाणीत टाकतो. भारा वर गेला की गाडीवान बैल धरून लांब उभा राहतो. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या २९ व्या कलमाने हीच शिस्त कागदावर आणली होती : उचलण्याच्या प्रत्येक साधनावर त्याचं सेफ वर्किंग लोड लिहिलेलं हवं, त्यापेक्षा जास्त उचलायचं नाही, दर बारा महिन्यांतून एकदा जाणकाराकडून कसून तपासणी, आणि सरकत्या क्रेनच्या रुळापाशी कोणी काम करत असेल तर क्रेन त्याच्या सहा मीटरच्या आत येता कामा नये. पुढे हा कायदा २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत विलीन झाला. विहिरीला मात्र यातलं काहीच लागू पडत नाही. तिथे ना इन्स्पेक्टर, ना रजिस्टर.

आणि जिथे सगळं लागू असतं तिथेही हे काम माफ करत नाही. समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूर तालुक्यात सरळांबे गावाजवळ ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री पुलाचे गर्डर बसवणारी अजस्र यंत्रणा कोसळली आणि वीस माणसं गेली. अमेरिकेत मिलवॉकी शहरात १४ जुलै १९९९ रोजी ‘बिग ब्लू’ नावाची प्रचंड क्रेन स्टेडियमच्या छताचा चारशे टनांहून जड तुकडा उचलताना पडली. तीन कामगार मेले. तिथे वजनाचा हिशोब झाला होता, त्या रुंद तुकड्यावर येणाऱ्या वाऱ्याच्या रेट्याचा धरला नव्हता.

आपल्या होस्टेलवर एवढं काही उचलत नाहीत हे खरं. पण मागच्या वर्षी गच्चीवर पाण्याची टाकी चढवताना आपणच पोरं नायलॉनच्या दोऱ्या घेऊन वर उभे होतो आणि दोरी गच्चीच्या कठड्याच्या धारेवरून घासत होती. रिकामी टाकी हलकी म्हणून निभावलं. गॅदरिंगला स्टेजच्या वर लाइट आणि स्पीकर टांगतात, त्यांच्याखाली नाचणारे आपणच. कडेवर गोणपाटाची चार घड्यांची गादी टाकली तरी दोरी वाचते. पट्ट्याची स्लिंग वापरणार असाल तर तिचा रंग वाचायला शिका : जांभळी एक टनाची, हिरवी दोन, पिवळी तीन, करडी चार, लाल पाच टनाची. शिलाई उसवली किंवा लेबल गेलं असेल तर रंग कितीही चांगला दिसो, बाजूला ठेवा. आणि सूचना एकानेच द्यायच्या. ‘थांब’ हा एक शब्द मात्र कोणीही ओरडला तरी थांबायचं.

वर्कशॉपमधली चेन पुली मी मध्यंतरी जाऊन पाहिली. वजनाचा शिक्का रंगाखाली गेला होता. वर्कशॉपच्या मामांनी खरवडून दाखवला आणि माझ्यासमोर नव्या रंगाने लिहिलासुद्धा. पॉलचा आवाज व्यवस्थित येतो.

इंजिन वर्षभर पाण्यात होतं. गेल्या उन्हाळ्यात विहीर आटल्यावर अण्णांनी यावेळी सरळ ट्रकवरची क्रेन बोलावली. क्रेनवाल्याने खाली वाकून बघत पहिला प्रश्न विचारला, ‘‘वजन किती हाय?’’ सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाचशे सांगितलं आणि लगेच म्हणालो, गाळात रुतलंय, आधी भोवतीचा गाळ काढू आणि सातशे धरू. बारा मिलीमीटरची नवी स्लिंग सोलापूरहून आणली होती. पाय लांब ठेवले, समभुज त्रिकोणाहून लांब. गाळ काढून, दोर अडकवून सगळे वर आल्यावर अण्णांनी शिडी स्वतः वर ओढून घेतली आणि मग क्रेनवाल्याला हात केला. आधी वीतभर उचलून दोन मिनिटं तसंच ठेवलं, मग वर घेतलं. दादा विहिरीपासून लांब, बाभळीखाली जाऊन बसला होता. कोणी हाक मारली तरी आला नाही.

भंगारवाल्याच्या काट्यावर ते ५४० किलो भरलं, थोडा गाळ धरून.